चालू आहे का गं, ताई?

ताईला एक सवय होती. गाणारा माइकसमोर उभा राहायच्या आधीच ती रेकॉर्डचं बटण दाबून ठेवायची. आपला आवाज साठवला जातोय हे कळलं की माणूस लगेच शहाणा होतो. घसा खाकरतो, पोट आत घेतो आणि खोटं बोलायला लागतो. खरा आवाज त्याच्या आधी निघतो, असं तिचं मत होतं, आणि तिच्या मतापुढे त्या खोलीत कुणाचं काही चालायचं नाही. त्यामुळे तिच्याकडच्या प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला खुर्ची सरकायची, कुणीतरी नाक ओढायचं, कुणीतरी शिवी द्यायचं. ती त्यातलं काहीच पुसायची नाही. पुसणं तिच्या हाताला माहीतच नव्हतं.

तिच्या धाकट्या भावाच्या फाइली मात्र सगळ्या एकाच वाक्यानं सुरू व्हायच्या.

"चालू आहे का गं, ताई?"

"नाही रे. तू घे दम आधी," असं ती म्हणायची, आणि ते चालू असायचं.

स्टुडिओ म्हणजे गादीच्या कारखान्याची मागची खोली. मालकाला सगळे मामा म्हणायचे. तो कुणाचाच मामा नव्हता. गिऱ्हाइकांनी परत केलेल्या, डाग पडलेल्या गाद्या चारी भिंतींना उभ्या लावलेल्या होत्या. तिथे आवाज तोंडातून निघाला की पायाशी पडायचा, घुमायचा नाही. मोठमोठे स्टुडिओ ज्यासाठी परदेशी फोम आणतात ते इथे माणसांच्या घामानं पिवळ्या पडलेल्या गाद्यांनी झालं होतं. अडचण एकच होती. भिंतीपलीकडे कापूस पिंजायचं मशीन दिवसभर बोंबलायचं. ते दुपारी एकला बंद व्हायचं आणि दोनला सुरू व्हायचं. तेवढ्या एका तासात, कामगार डबे खात असताना, ताई रेकॉर्डिंग उरकायची. त्या वस्तीतलं सगळं हिपहॉप उपाशीपोटी रेकॉर्ड झालंय. हे कुणी कुठे लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवलं.

ताई स्वतः मामांची बिलं करायची. त्याच कंप्युटरवर ती आवाज कापायला आणि जोडायला शिकली. शिकवायला कुणी नव्हतं. चुकत गेली, शिकत गेली. आई पुढच्या बाजूला बसून गाद्यांना टाके घालायची. आणि धाकटा त्या पिंजायच्या मशीनवर होता. वयाच्या सोळाव्या वर्षापासून. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, पापण्यांवर कापूस. सगळे त्याला कापूसच म्हणायचे आणि तेच नाव त्यानं गाण्यासाठी घेतलं. कापूस बाहेरून दिसायचा तेवढाच आतही गेला होता. डॉक्टर म्हणाले, काम बदला. डॉक्टरांचं काय जातंय सांगायला.

त्याला सलग चार-पाच शब्दांच्या पुढे बोलताच यायचं नाही. चार शब्द, मग थांबायचं, शीळ घातल्यासारखा श्वास ओढायचा, मग पुढचे तीन. सुरुवातीला पोरं हसली. ह्याला रॅप करायचंय म्हणे, हा पत्ता सांगताना दोनदा बसतो. पण ताईनं त्याला पाठ केलेलं म्हणू दिलं नाही. ती म्हणाली, "तुझ्या छातीला जमेल तेवढंच लिही." मग त्यानं लिहिलं:

*पोती मोजा.*
*छाती मोजू नका.*
*आत कापूस आहे.*
*पेटेल.*

ह्या प्रत्येक ओळीनंतर तो थांबायचा तेव्हा ऐकणाराही श्वास धरून थांबायचा. पुढचा शब्द येतोय की नाही, हे कुणालाच ठाऊक नसायचं. त्याला स्वतःलाही.

त्याचा जोडीदार भोंगा. मामांचा टेम्पो चालवायचा. गाद्या घेऊन तीन मजले चढला तरी खाली उतरून पहिलं वाक्य गाण्यातलंच म्हणायचा. एका दमात आख्खं पान वाचेल अशी छाती. आवाज असा की टेम्पोला हॉर्नची गरज नव्हती. दोघांमध्ये माइक एकच, तोही कुणाचा तरी जुना. म्हणून दोघं समोरासमोर उभे राहायचे, मध्ये माइक, कपाळाला कपाळ लागेल इतके जवळ. एकाच्या तोंडचा श्वास दुसऱ्याच्या आवाजात जायचा.

"अरे, लसूण खाऊन येऊ नकोस रे," भोंगा म्हणायचा.

"तू वर बघून. म्हण ना मग," कापूस म्हणायचा.

'पोती' हे गाणं त्यांनी असंच केलं. सोळा ओळी भोंग्याच्या, सोळा कापसाच्या, आणि मध्येमध्ये दोघांच्या एकत्र. फोनवरून फोनवर ते फिरलं. वर्कशॉपमध्ये, ट्रक भरताना, शाळेच्या मागच्या भिंतीशी लोक म्हणायला लागले. कापसाच्या जागी आले की सगळे थांबायचे आणि तोंडानं शीळ ओढायचे. त्याला ते फार आवडायचं. "बघ ताई," म्हणायचा, "सगळ्या वस्तीला. माझा दमा झाला."

चार महिन्यांनी तो गेला. तेविसाव्या वर्षी, सकाळी, दम्याचा पंप हातात धरून. मामांनी त्या दिवशी मशीन बंद ठेवलं नाही. ऑर्डर होती.

*

त्यानंतर सहा महिन्यांनी भोंगा एका माणसाला घेऊन आला. रेकॉर्ड कंपनीचा माणूस. लेबल म्हणतात त्याला. लेबल बाटलीवर चिकटवतात तसंच इथे माणसावर चिकटवतात. कापसाच्या कारखान्यात तो पांढरेशुभ्र बूट घालून आला होता आणि सारखा पाय झटकत होता. दोन वर्षांपूर्वी हा म्हणे शांपू विकायचा. मग वरच्यांना कळलं की वस्तीतल्या पोरांच्या शिव्यांना गिऱ्हाईक आहे, आणि ह्याला इकडे धाडलं.

"ताई, तुमचं काम म्हणजे सोनं आहे," पांढरे बूट म्हणाले. "रॉ. एकदम रॉ."

"रॉ म्हणजे?"

"म्हणजे... कच्चं. अस्सल."

"मग पक्कं करायला आलात का?"

भोंगा खो खो हसला. "ही अशीच आहे साहेब. हिला बोलण्यात हरवायला दुसरीकडून माणूस मागवावा लागेल."

त्यांना 'पोती' हवं होतं. आणि भोंगा हवा होता. कागद आणला होता. ताईनं तो तीनदा वाचला. ती अडाणी नव्हती, हे सांगून ठेवतो, कारण नंतर सगळे तिला तेच म्हणाले. या खोलीत दोघांनी जे जे रेकॉर्ड केलं ते सगळं कंपनीचं, असं कागद म्हणत होता.

"माझं एकच म्हणणं आहे," ताई म्हणाली. "माझ्या भावाच्या सोळा ओळी गाण्यात राहिल्या पाहिजेत. त्याच्या आवाजात."

"म्हणजे काय! त्याशिवाय गाणं कसलं?"

"कागदात तसं नाहीये."

"कागद छापील असतो हो. तुमच्यासमोर मी बसलोय ना, जिवंत माणूस?"

"ताई, मी आहे ना," भोंगा म्हणाला. "माझ्यावर तरी भरवसा ठेव."

ताईचा भरवसा ना बुटांवर होता, ना भोंग्यावर. तो होता त्या एका माइकवर. दोन माणसं, एक माइक, एकच टेक. भोंग्याच्या आवाजाखाली कापसाचा श्वास होता आणि कापसाच्या शब्दांमागे भोंग्याच्या टाळ्या. विरघळलेली साखर चहातून काढून दाखवा म्हणावं. माझ्या भावाला काढायला जातील तर भोंगाही निघेल, असा तिचा हिशेब. तिच्या धंद्याच्या हिशेबानं तो बरोबरच होता. तिनं सही केली, आईचीही घेतली.

आणि मग हार्ड डिस्क दिली. आख्खी. दोन वर्षांचं सगळं फोल्डर. निवडून एकच फाइल द्यायची हे तिच्या डोक्यात आलंच नाही. त्या फोल्डरमध्ये अकरा फाइली अशा होत्या की ज्यात कापूस बाहेर बाकावर खोकत बसलेला होता, आणि आत भोंगा एकटाच दोघांच्या ओळी म्हणून जागा बसवून बघत होता. कापसाच्या ओळी कापसासारख्याच थांबून म्हणायच्या, नाहीतर बीट पुढे जायचं, म्हणून भोंग्यानं ते थांबणंही घोटून घेतलं होतं. तालीम होती ती. दुसरं कुणी असतं तर त्याच दिवशी पुसून टाकलं असतं. ताई काहीच पुसायची नाही.

*

गाणं आलं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मशीन बंद झालं होतं. मामांनी फोन टेबलावर उभा केला आणि म्हणाले, "या या, आपलं गाणं आलं. माझ्या कारखान्यात झालंय म्हटलं."

डबे बाजूला ठेवून सगळे जमले. आई हातातली सुई पदराला टोचून आली. भोंग्याच्या सोळा ओळी झाल्या. कुणीतरी टाळी दिली. मग कापसाची जागा आली.

*पोती मोजा.*

आवाज भोंग्याचा होता. थांबणं कापसाचं होतं. तेवढंच, तिथेच, तेवढाच वेळ. मध्ये शिळेसारखा ओढलेला श्वासही होता. पण तो धडधाकट माणसाचा श्वास होता, जेवून उठलेल्या माणसाचा. सोळाच्या सोळा ओळी तशाच.

"आपला कुठे आहे?" आई म्हणाली.

मामांनी फोन आडवा ठेवला. "जेवा, जेवा," म्हणाले, "दोन वाजतील."

दुसऱ्या दिवशी ताई कंपनीच्या ऑफिसात गेली. काचेच्या दारातून आत शिरली तर समोर भिंतभर भोंगा. हाताची घडी, डोळ्यांत राग, आणि खाली मोठ्या अक्षरात: तुटक श्वासाचा बादशहा. खरा भोंगा सोफ्यावर बसला होता. तिला बघून ताडकन उठला.

"ताई, तू? पाणी घेतेस?"

"ओळी कुणाच्या आहेत रे?"

"त्याच्याच आहेत. मी सगळीकडे सांगतो—"

"आणि आवाज?"

भोंगा बुटांकडे बघायला लागला. स्वतःच्याच. तेही आता पांढरे होते.

"तुला आयुष्यात किती वेळा धाप लागलीय?"

"ताई, तीन तीन मजले मी गाद्या—"

"धाप लागली का? एवढंच विचारते."

"नाही."

"मग मध्येमध्ये थांबतोस कशाला?"

उत्तर आतून बाहेर आलेल्या पांढऱ्या बुटांनी दिलं. "तीच तर त्याची स्टाईल आहे ताई. आता गल्लोगल्ली पोरं तसं म्हणतायत. ट्रेंड आहे तो."

"तो ट्रेंड नाही. माझा भाऊ मरत होता."

"आम्हाला त्याचं दुःख आहेच," ते म्हणाले, आणि लिफ्ट येईपर्यंत थांबावं तसे दोन क्षण थांबले. "पण बघा. मेलेला माणूस मुलाखत देऊ शकतो का? स्टेजवर येऊ शकतो? त्याचा पुढचा अल्बम कोण करणार? लोकांना एक चेहरा लागतो आणि त्या चेहऱ्याला एक तोंड लागतं. आम्ही कंपनी चालवतो, स्मारक नाही."

ताईनं तिथली खुर्ची उचलून काचेवर मारायला हवी होती. तसं लिहायला मलाही आवडलं असतं. पण तिनं हात जोडले. त्या पांढऱ्या बुटांसमोर ती म्हणाली, "कुठेतरी ठेवा हो त्याला. ओळी नको तर नको. दोन शब्द ठेवा. आईला ऐकू येऊ दे." पुढे बाकीचं सगळं तिनं कदाचित पचवलं असतं. हे जोडलेले हात तिला पचले नाहीत.

बुटांनी फोन काढला आणि काहीतरी टिपून घेतलं. "ठेवू," ते म्हणाले. "आवाज चांगलाच आहे त्याचा. माझा शब्द."

घरी येऊन ताईनं फोनमधलं मूळ गाणं स्वतः नेटवर चढवलं. दुपारी सव्वाला. खाली लिहिलं, हा खरा कापूस. मशीन सुरू व्हायच्या आत ते उतरवलं गेलं. या गाण्याची मालकी अमुक कंपनीकडे आहे, पुन्हा असं केल्यास खातं बंद होईल. तेवढ्यात ते एकेचाळीस वेळा ऐकलं गेलं होतं. त्यातल्या सहा वेळा तर मामांनीच ऐकलं होतं. म्हातारा रडत होता, पण मशीन त्यानं दोनलाच सुरू केलं.

*

बुटांनी शब्द पाळला. हे मात्र कबूल करायला हवं.

कंपनी वाढत होती. भोंग्यामागून त्यांनी आणखी नऊ जण उचलले, मग वीस. कुणी लाँड्रीतला, कुणी रिक्षावाला, एक तर स्मशानात लाकडं फोडणारा. सगळे थांबून थांबून रॅप करायचे. ठणठणीत छातीची पोरं दमेकऱ्यासारखी शीळ ओढत होती. इतक्या गाण्यांमधून आपलं गाणं कुठलं हे ओळखू यावं, म्हणून कंपनीला एक खूण हवी होती. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला वाजेल अशी. दारावरच्या घंटीसारखी.

ताईनं ती पहिल्यांदा ऐकली ती औषधाच्या दुकानात. काउंटरवरच्या मुलीच्या फोनवर नवं गाणं सुरू झालं. आधी शांतता. मग:

"चालू आहे का?"

आणि मग ढोल.

भावाच्या फाइली दीडशेच्या वर होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडाशी तो हेच विचारत होता. त्यांनी त्यातला एक निवडला होता. कोणता, तेही तिला कळलं. पावणेदोनचा, घाईतला, मागे खुर्ची कुरकुरते तो. पुढचं 'गं, ताई' त्यांनी कापून टाकलं होतं. कापणाऱ्यानं 'गं' पुसला आणि 'ताई' तोडली, पण कात्री जरा पुढे पडली होती. 'का' नंतर, ढोल पडायच्या आत, जीभ दातांना लागल्याचा बारीकसा खटका राहिला होता. 'त'चा. तो जगात तिच्या एकटीलाच ऐकू येत होता. तिनंच तर कान तयार केला होता स्वतःचा.

त्यानंतर तो सगळीकडे. पानपट्टीवर, बसमध्ये, लिफ्टमध्ये, शेजारच्या पोरीच्या अलार्ममध्ये. दिवसातून पन्नासदा तिचा मेलेला भाऊ विचारायचा, चालू आहे का, आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या अंगावर ढोल कोसळायचा. पोरं एकमेकांना भेटली की तसंच म्हणायला लागली. कोण बोलतंय हे कुणालाच माहीत नव्हतं. माहिती असण्याची गरजही नव्हती.

आईला पहिल्या दिवशी ताईनं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी कारखान्यासमोरून एक गाडी मोठ्यानं गाणं लावून गेली. आईचा हात टाक्यावर थांबला.

"हा आपला ना गं?"

"हो."

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, चालू आहे का."

आईनं गाडी गेली त्या दिशेला पाहिलं. "मग कुणी सांगत का नाही त्याला?" असं म्हणून तिनं सुई परत गादीत घातली. त्यानंतर ती त्याबद्दल कधी बोलली नाही. फक्त कानात कापसाचे बोळे घालून बसायला लागली. कापसाला तिथे तोटा नव्हता.

भोंग्याचा एकदा फोन आला. दुपारचाच.

"ताई, ठेवू नकोस. ऐक. हे मला माझं म्हणूच देत नाहीत. मी म्हटलं, एक गाणं एका दमात करतो, माझं, पहिल्यासारखं. तर म्हणाले ब्रँड बिघडतो. रात्रंदिवस थांबून थांबून म्हणायचं. आता मला घरीसुद्धा नीट बोलता येत नाही गं. बायको म्हणते, अडकतोस कशाला."

तिकडे त्यानं खरंच श्वास ओढला, शिळेसारखा. सवयीनं.

"मग खोक आता," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवल्यावर तिला बरं वाटेल असं वाटलं होतं. ते काही वाटलं नाही.

*

खोली मात्र बंद पडली नाही. उलट गर्दी वाढली. भोंग्यानं इथूनच नाव कमावलं म्हणून पोरं येत होती. ताई रेकॉर्ड करून द्यायची. दुसरं काय करणार होती?

परवा एक मुलगी आली. सूतगिरणीत कामाला होती, बोटांना चिकटपट्ट्या, काखेत वही. पहिलंच गाणं. ताईनं वही चाळली. ओळी बऱ्या होत्या. काही तर चांगल्या होत्या. जिथे तिथे कंसात लिहिलेलं होतं: *थांबणे. श्वास.*

"हे कशाला?"

"असंच असतं ना ताई रॅपमध्ये?"

ताईनं वही मिटून तिला परत दिली. मुलगी गाद्यांकडे, माइककडे बघत आत गेली आणि मग दारातून तोंड बाहेर काढून म्हणाली, "एक विचारू? सुरुवातीला तो आवाज टाकता येईल का? ते 'चालू आहे का'वालं. सगळे टाकतात. भारी वाटतं."

"कुणाचा आवाज आहे, माहितीये?"

"कंपनीचा."

भिंतीपलीकडे मशीन बंद झालं. एक वाजला. तेवढ्या वेळात ताईचा हात बटणावर असायचा, इतकी वर्षं, न चुकता. तिनं हात मांडीवर ठेवला.

"तयार झालीस की सांग," ती म्हणाली.

मुलीनं हेडफोन चढवले. वही धरली. घसा खाकरला, पोट आत घेतलं. मग तिला काहीतरी सुचलं, ओठांवर हसू आलं आणि माइकजवळ जाऊन तिनं अगदी त्याच सुरात विचारलं,

"चालू आहे का?"

"नाही," ताई म्हणाली. आणि ते खरंच चालू नव्हतं.